अंगाजवळची ओल

आबांचा अबोला हा साधासुधा प्रकार नव्हता. इचलकरंजीतल्या त्यांच्या गल्लीत तो नावाजलेला होता. एकदा आमटी अळणी झाली म्हणाले आणि बायकोने उलट उत्तर दिलं, तर हा गृहस्थ अकरा दिवस घरात पाटीवर खडूने लिहून कारभार करत होता. बाराव्या दिवशी पाटी फुटली म्हणून नाइलाजाने बोलला. त्यामुळे त्या सकाळी, हिमाचलातल्या शिंगरी खिंडीच्या पायथ्याशी, आबांनी चहाचा कप खाली ठेवून तोंड मिटलं तेव्हा त्यांच्या मुलीला, वैजयंतीला, मुळीच नवल वाटलं नाही. चार दिवस चालेल, तिने अंदाज बांधला. फार तर पाच.

चूक तिचीच होती. आबांनी सहज विचारलं होतं की शेडचा पत्रा गळतोय तो बघितलास का, आणि तिला खोटं बोलता आलं नाही. शेड रिकामी झाली होती. आबांचे शेवटचे दोन यंत्रमाग सोमवारीच भंगारवाला घेऊन गेला होता. बेचाळीस वर्षं आबा जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग कान लावून ऐकायचा आणि दुरुस्त करायचा हा त्यांचा धंदा. ते दोन माग त्यांनी उतारवयात स्वतःचे म्हणून घेतले होते. आता त्या जागी वैजयंतीच्या नव्या धाग्याचं यंत्र बसणार होतं. सांगायचं होतं ते घरी परतल्यावर, जेवणखाण झाल्यावर, नीट समजावून. ते तंबूच्या दारात, दात घासता घासता सांगून झालं.

"बरं," एवढंच आबा म्हणाले, आणि मग काही म्हणाले नाहीत.

सामान तंबूसकट खेचरांवर लादून पुढे गेलं होतं. खिंडीपलीकडच्या मुक्कामाला ते वळसा घालून दुपारी पोहोचायचं. हे तिघं मात्र खिंड चढून जाणार होते: अडतीस वर्षांची वैजयंती, सहासष्ट वर्षांचे आबा आणि सव्वीस वर्षांचा वाटाड्या छेरिंग. वयाचा हा हिशेब मुद्दाम धरलेला होता. डोंगरी बचाव दलाची तशी अटच होती. नवं वस्त्र चालतंय म्हणता, तर तीन वयांच्या तीन अंगांवर ते चार दिवस घालून दाखवा. आत काही नाही, वर काही नाही, पिशवीत जादा स्वेटर नाही. हा त्यातला तिसरा दिवस होता. चाचणी पार पडली तर दलाच्या हजारो माणसांचे कपडे वैजयंतीच्या कारखान्यात विणले जाणार होते. नाही पडली, तर तिचा भागीदार श्रेणिक चौगुले याच्या भाषेत सांगायचं तर शटर ओढून घरी बसायचं, आणि कारखान्यातल्या चाळीस जणांनीही.

आता या वस्त्राची भानगड काय, ते सांगायला हवं.

थंडीने माणूस मरतो, ही अर्धीच गोष्ट आहे. डोंगरात माणूस पुष्कळदा स्वतःच्या घामाने मरतो. चढावर अंग तापतं, घाम येतो, कपडे भिजतात. मग चढ संपतो, वारा सुटतो, आणि तीच ओल अंगातली ऊब ओढून घ्यायला लागते. कपडा काही स्वतः ऊब देत नाही. त्याच्या धाग्यांत अडकलेली हवा आपली ऊब धरून ठेवते. त्या हवेच्या जागी पाणी शिरलं की तोच कपडा वैरी होतो, कारण पाण्यातून उष्णता हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने निसटते. म्हणून जुने जाणते लोक तीन थर घालायचे: अंगालगत घाम टिपून बाहेर ढकलणारा, मधे हवा धरून ठेवणारा, वर वारा अडवणारा. त्यातही सगळी अक्कल मधला थर वेळेवर काढण्यात होती. घाम फुटायच्या आधी काढायचा, थंडी वाजायच्या आधी घालायचा. म्हणजे दर अर्ध्या तासाने थांबा, पिशवी उतरवा, चेन उघडा, काढा, कोंबा, निघा. एवढं करतो कोण? लोक कंटाळा करायचे आणि दरवर्षी त्यातले काही मरायचे.

वैजयंतीने हा कंटाळाच गृहीत धरला. तिने दोन जातींच्या धाग्यांची एक जोडी बनवली, पाठीला पाठ चिकटवलेली. एक धागा ओल लागली की लांबतो, दुसरा जराही हलत नाही. कोरडं असताना ही जोडी कुरळी होऊन बसते, कपडा दोन बोटं जाड फुगतो आणि आत हवा धरतो. घाम आला की जोडी सरळ होते, कपडा मलमलीसारखा पातळ पडतो आणि वाफ निघून जाते. बॅटरी नाही, बटण नाही. तीन थरांचं काम एक थर करतो, आणि माणसाला विचारत बसत नाही. तिने त्याचं नाव ठेवलं ऋतू. मानेच्या मागे, कातडीला टेकून, एक बारीक गुंडी तेवढी होती. ती अंगाची ऊब आणि कपड्यातली ओल मोजायची आणि चाचणी चालवणाऱ्याच्या मनगटावरच्या पट्टीवर दाखवायची. हिरवं म्हणजे ठीक. चालताना चेन उघडली तर तीही नोंद व्हायची आणि चाचणी तिथेच संपायची.

"आत काही घालायचं नाही," हे तिने आबांना निघण्यापूर्वी तीनदा बजावलं होतं. आबांनी तिन्ही वेळा मान हलवली होती.

पहिले तीन तास ऊन होतं. चढ छातीवरचा होता आणि आबा सगळ्यांच्या पुढे होते. रागावलेला माणूस चढ फार जोरात चढतो. दर रविवारी जोतिबाचा डोंगर पायी करणारे त्यांचे पाय, त्यांना या चढाचं काय. कानशिलांवरून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि ऋतू अंगाला चिकटून अगदी पातळ झाला होता. वैजयंतीने पट्टी बघितली. ओल भरपूर, ऊब उत्तम, हिरवं. तिला मनातून बरं वाटलं. सहासष्ट वर्षांच्या अंगावर कपडा इतका चोख चालतोय, हे श्रेणिकला कधी एकदा सांगते असं तिला झालं.

दगडी धारेवर आले आणि ऊन गेलं. ढग असे झपाट्याने आले की छेरिंगने मागे वळून बघितलं. वारा डावीकडून येत होता आणि सारखा येत होता. वैजयंतीचा कपडा पाच मिनिटांत फुगला, छेरिंगचाही. आबा आता मागे पडले होते. त्यांच्याकडे तिने नीट बघितलं नाही. बघितलं ते पट्टीकडे. हिरवं होतं.

ती त्यांच्यासाठी थांबली आणि शेंगदाण्याची वडी पुढे केली. आबांनी हात हलवून नको म्हटलं. ठीक आहे, राहू दे. थोडं पुढे गेल्यावर त्यांची काठी हातातून पडली, दोन-तीन धोंड्यांवर आपटत खाली गेली, आणि ते तिच्याकडे न बघता तसेच पुढे चालू लागले. काठी तिनेच आणून दिलेली, म्हणून टाकली, असं तिला वाटलं. तिलाही आता राग यायला लागला होता. माग काय माणसं होती का? गंज चढलेले, सुटे भाग मिळत नाहीत, दिवसाला चार मीटर कापड काढणारे. तिने मनात आबांशी पुरतं भांडण मांडलं, त्यांची उत्तरंही स्वतःच दिली आणि त्यात जिंकलीही. मधून मधून ती पट्टी बघत होती, ती दर वेळी हिरवी होती. छेरिंग एकदा म्हणाला की बाबूजी फार गप्प आहेत. तिने हसून सांगितलं की त्यांचं तसंच आहे, चार दिवस चालेल.

छेरिंग तरी काय बोलणार. त्याचा बाप जुना वाटाड्या होता आणि दर वळणावर गिऱ्हाइकांच्या कॉलरमध्ये हात घालून पाठ चाचपायचा. ते बघून लोक बिचकायचे. छेरिंगला ते करावं लागलं नव्हतं. गेल्या हंगामापासून वाटाड्यांनाही अशाच पट्ट्या मिळाल्या होत्या आणि तोही मनगटच बघत होता.

खिंडीच्या तोंडाशी पोहोचले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. तिथे दगडांचा ढीग होता, त्याच्या आडोशाला तिघं टेकले. आबांच्या बुटाची नाडी सुटली होती. ते वाकले आणि बांधायला लागले. वैजयंती थर्मास उघडत होती. तिने झाकणात गरम पाणी ओतलं, साखर टाकली, ढवळली. आबा अजून नाडीच बांधत होते. दोन टोकं त्यांनी एकमेकांवर ठेवली, ती घसरली. परत ठेवली, परत घसरली.

तिच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. या माणसाने चालत्या मागावर, अंधारात, दुसऱ्याशी बोलता बोलता, केसाएवढ्या, सुताच्या तुटक्या तारांच्या गाठी मारल्या होत्या. लहानपणी ती समोर बसून मोजायची, मिनिटाला बारा. तोंडाने माणूस रुसतो. बोटं कशी रुसतील?

तिने पट्टी बघितली. हिरवं.

"आबा," ती म्हणाली, "माझ्याकडे बघा."

त्यांनी मान वर केली. डोळे तिच्यावर आले आणि पलीकडे निघून गेले. ओठ निळसर पडले होते. ते कुडकुडत नव्हते. इतक्या थंडीत न कुडकुडणारा माणूस म्हणजे ज्याच्या अंगाने कुडकुडायचंही सोडून दिलं आहे. गुडघ्यांवर सरकत ती त्यांच्या मागे गेली. कॉलर ओढली, गुंडीच्या खाली, पाठीत हात घातला. मानेशी कातडी कोमट होती. चार बोटं खाली मात्र तिच्या हाताला कापड लागलं. जाडंभरडं, चिंब आणि बर्फासारखं गार.

"हे काय घातलंय?"

"बंडी," आबा म्हणाले. सकाळपासूनचा हा त्यांचा दुसरा शब्द, आणि तोही जड जिभेचा.

तिला सगळं एकदम समजलं. मांजरपाटाची बंडी, सुती. आबा तिच्याशिवाय घराच्या उंबऱ्यावरही उभे राहत नसत. जोतिबाच्या डोंगरावर ती घामाने भिजते आणि वर वाऱ्याला बसलं की अंगावरच वाळते, तो गारवा त्यांना आवडायचा. तिकडे तो गारवा सुखाचा होता. इथे सकाळच्या उन्हातला सगळा घाम त्या सुताने पिऊन ठेवला होता आणि वारा सुटल्यापासून दोन तास तो आबांच्या अंगातली ऊब शोषत होता. आणि ऋतू काय करत होता? त्याला ओल दिसत होती. ओल म्हणजे घाम, घाम म्हणजे अंग तापलंय, असं त्याला तिनेच शिकवलं होतं. म्हणून तो पातळ होऊन, भोकं उघडून, गारठलेल्या माणसाला आणखी गार करत होता. गुंडी बंडीच्या वर, मानेला टेकलेली. तिथे रक्त गरम असतं. तिथून ती सगळं ठीक आहे म्हणून सांगत होती.

मुक्काम दोन तासांवर होता. छेरिंग म्हणाला, उचलून नेऊ. या वाऱ्यात, या ओल्या कपड्यात, दोन तास? तो आपला कपडा काढून द्यायला निघाला, तर तिने त्याला थांबवलं. त्याच्याही अंगावर आत काही नव्हतं, आणि दोन गारठलेली माणसं खाली नेणार कोण. अंगावरचं सोडून कोरडं कापड म्हणावं असं तिघांत काय होतं? आबांच्या पिशवीत त्यांचा पंचा होता, तोंड पुसायचा. तेवढाच.

"पिशवीतली बसायची ताडपत्री धर वाऱ्याच्या बाजूला," तिने छेरिंगला सांगितलं, आणि आबांच्या ऋतूची चेन खालपर्यंत ओढली.

आबांनी बंडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. गारठलेला माणूस हट्टी होतो हे तिने वाचलं होतं, पण हा हट्ट वेगळाच होता. ते काहीतरी पुटपुटत होते. तिने कान जवळ नेला.

"आपल्या मागाच्या शेवटच्या ताग्यातली हाय," आबा म्हणाले. "काढू नगंस."

तिने एक क्षण डोळे मिटले. मग छेरिंगच्या कमरेचा चाकू मागून घेतला आणि बंडी गळ्यापासून खालपर्यंत फाडली. आबा तिच्याकडे बघत राहिले आणि त्यांनी हात सोडले. ऋतू उतरवला, ओल्या चिंध्या तिने बाजूला फेकल्या, पंच्याने त्यांची छाती, पाठ, काखा खसाखसा कोरड्या केल्या. मग तिने स्वतःची चेन उघडली आणि आपल्या म्हाताऱ्या बापाला लहान मुलासारखं आत घेतलं. छेरिंग ताडपत्री पाठीवर ओढून मागून चिकटून बसला. तिच्या मनगटावर आबांच्या ठिपक्याशेजारी तिचा ठिपकाही तांबडा झाला. दोन्ही कपडे उघडल्याची नोंद झाली होती. चाचणी संपली होती.

तिचं डोकं मात्र आबांच्या ऋतूवर लागलं होतं. कपड्याची आतली बाजूच तेवढी ओल ओळखते. ती बाजू आत असेल तर त्याला अंगाची ओल दिसेल. ती बाहेर केली तर? इथला वारा हाडं फोडणारा होता, पण कोरडा होता. त्याला कोरडी थंडी दिसेल, आणि कोरडी थंडी दिसली की फुगायचं एवढं त्याला येतं. तिने एका हाताने कपडा उलटा केला, पंच्याने पुसला, दगडावर दोनदा झटकला आणि छेरिंगला वाऱ्यात धरायला लावला.

दोन मिनिटं गेली. काही नाही. कपडा तसाच, ओल्या कागदासारखा. आबांचा श्वास तिच्या गळ्यापाशी लागत होता आणि तो फार सावकाश येत होता. ती मोजायला लागली आणि मोजणं सोडून दिलं, कारण दोन श्वासांमधलं अंतर तिला सोसवेना. पाच मिनिटं झाली. शिवणीवर पांढरं दव गोठलं आणि वाऱ्याने झडून गेलं. ती मनात धाग्यालाच विनवायला लागली होती, इतकी वर्षं तुझ्यामागे घालवली, आज एवढं कर. सातव्या मिनिटाला छेरिंगने काही न बोलता बाही तिच्यापुढे केली. बाही एक बोट जाड झाली होती.

दहाव्या मिनिटाला तिने तो फुगलेला कपडा उलटाच आबांना घातला, चेन कशीबशी बाहेरून आत हात घालून लावली आणि त्यांना परत दोघांच्या मधे दाबून धरलं. आणखी बराच वेळ काहीच झालं नाही. मग आबांची हनुवटी हलली. दात वाजले. मग सगळं अंग लटलटा कापायला लागलं, इतकं की तिघंही हलत होते. वैजयंती त्या कापण्याला धरून मोठ्याने रडली. अंगाने परत लढायला सुरुवात केली होती.

थर्मासमधलं साखरपाणी घोटाघोटाने पाजत दोघांनी आबांना संध्याकाळपर्यंत खाली आणलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते तिघं पलीकडच्या मुक्कामात होते. आबा दोन रजया पांघरून पेज पीत होते. वैजयंतीपुढे दलाचा अहवालाचा कागद होता. श्रेणिक सकाळपासून तिसऱ्यांदा फोनवर बोलला होता आणि तो काही वाईट माणूस नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच होतं की कागदावर 'परिधानकर्त्याची चूक' असा एक रकाना आहे. आत काही घालू नये असं सांगितलं होतं, घातलं. त्यात खूण कर, कपडा निर्दोष ठरतो, चाचणी फक्त पुन्हा घ्यायची. दुसरा रकाना 'वस्त्राचा दोष' असा होता. तिथे खूण केली तर मग सगळं पहिल्यापासून, दोन वर्षं तरी, आणि तोवर चाळीस जणांना काय सांगायचं ते तूच ठरव.

"माझी चूक लिही," आबा रजईतून म्हणाले. ते सगळं ऐकत होते. "खरीच हाय. तीनदा मान हलवली म्या."

तिने पेन खाली ठेवलं. कालपासून जे विचारायला ती भीत होती ते तिने विचारलं. "तुम्हाला थंडी वाजत होती ना? मग सांगितलं का नाही? माझ्यावर राग होता म्हणून?"

आबांनी वाडगा बाजूला ठेवला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, आपल्या हातांकडे पाहिलं.

"राग हुता, पन तो पयल्या चढाला. मग लई गार वाटाय लागलं. हाक मारावी म्हटलं. पन तू सारखी मनगटाकडं बघायचीस आन पुढं चालायचीस. मग म्हटलं, हिच्या यंत्रात मी बरा दिसतोय. म्हंजे बराच असंन." ते थोडं थांबले. "तू केल्यालं हाय. ते कसं चुकंल."

छेरिंग बाहेर निघून गेला. वैजयंतीला रडू आलं नाही. ते काल होऊन गेलं होतं. या माणसाने आयुष्यभर मागाचा आवाज ऐकून त्याचं दुखणं ओळखलं होतं, आणि काल आपल्याच अंगाचं ऐकायचं सोडून तिच्या हिरव्या ठिपक्यावर विश्वास ठेवला होता. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. त्यांचा हात तिने दोन्ही हातांत घेतला. तो गरम होता. ते हाताला लागल्यावरही तिने विचारलं, "आता थंडी वाजतेय का, आबा?"

"न्हाई," आबा म्हणाले. "आता न्हाई."

मग ती परत कागदापाशी आली. 'वस्त्राचा दोष' या रकान्यात तिने खूण केली आणि पुढे लिहिलं: ओल तापलेल्या माणसाच्या अंगावरची आहे की गारठलेल्या, हे या वस्त्राला कळत नाही. लोक आत सुती घालणारच, ते गृहीत धरलं नव्हतं. खाली सोळावा प्रश्न होता: परिधानकर्त्याने थंडी वाजत असल्याचे सांगितले होते का? तिने लिहिलं, नाही.

सतरावा प्रश्न छापलेला नव्हता. तिने आकडा घातला आणि तो स्वतःच्या अक्षरात लिहिला: त्याला कुणी विचारलं होतं का?

त्याच्यापुढेही तिने 'नाही' लिहिलं, आणि खाली सही केली, वैजयंती दत्ताजी मगदूम.